चहाच्या टेबलावरून : डोळ्यांत तेल घालून



मागच्या अंकातले आमचे कढीलिंबाच्या कुंडीचे पुराण वाचून बऱ्याच जणांनी चौकशी केली. झाड जगले आहे. पाने मात्र मोजून घ्यावी लागतात. आता त्याला वसंत ऋतूपर्यंत विश्रांती देऊ आणि आजच्या विषयाकडे वळू. विषय जरा नाजूक आहे, अक्षरशः डोळ्यांचा आहे.

दिवाळीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभे असताना एकाच संध्याकाळी तीन घरांतून आम्हाला एकच प्रश्न आला. "ते रात्री झोपताना डोळ्यांत घालायचे लेन्स निघाले आहेत, सकाळी काढले की दिवसभर चष्म्याशिवाय दिसते म्हणे. तुम्ही चौकशी करत होतात ना? घ्यावेत का मुलांना?" मागे उभ्या असलेल्या एक काकू लगेच म्हणाल्या, "झोपेत डोळ्यांत काच? नको ग बाई!" आणि त्यांच्या पुढचे काका म्हणाले, "आमच्या ऑफिसातल्या एकाच्या मुलाचा चष्मा गेला की त्याने!" श्रीखंड वाढून होईपर्यंत दोन पक्ष पडले होते.

आम्ही डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. पण गेले सहा महिने आमच्या चहाच्या टेबलावर हाच विषय आहे. वाचले, दोन ठिकाणी दाखवले, वाद घातला, एक प्रयोगही केला. तो सगळा हिशोब तुमच्यापुढे मांडतो.

सुरुवात झाली ती पोहण्याच्या तलावावर. आमची धाकटी नऊ वर्षांची, चौथीत आहे. दोन वर्षांपूर्वी फळ्यावरचे दिसत नाही म्हणून चष्मा लागला, तेव्हा नंबर उणे एक होता. या उन्हाळ्यात तपासला तर उणे पावणेतीन. पोहायची तिला भारी हौस. पण चष्मा काठावर ठेवून पाण्यात उतरायचे, आणि बाहेर आल्यावर सगळे जग धूसर. जूनमधल्या एका शर्यतीनंतर ती पाण्यातून बाहेर आली आणि हसत हसत भलत्याच आईबाबांपुढे जाऊन उभी राहिली. त्या बिचाऱ्यांनी टॉवेल पुढे केला, हिने घेतलाही. चेहरा जवळून दिसल्यावर मात्र रडू कोसळले. लोक हसले, आम्हीही हसलो. घरी आल्यावर तिने विचारले, "माझे डोळे बाबांसारखे होणार का?"

इथे आमच्या घरची एक गोष्ट सांगायला हवी. आम्हा दोघांनाही चष्मा आहे, पण बाबांचा नंबर उणे नऊ. जुन्या चष्म्याची काच सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखी होती. २०११ साली एका सकाळी त्यांच्या डोळ्यापुढे विजा चमकू लागल्या आणि काळे ठिपके तरंगू लागले. दृष्टिपटलाला चीर पडली होती. वेळेवर लेझर झाले म्हणून निभावले. तेव्हा डॉक्टरांनी समजावले होते, की लांबचे न दिसण्याचा हा दोष म्हणजे नुसती काचेची भानगड नसते. डोळ्याचा गोळा मागच्या बाजूला लांब वाढलेला असतो. जितका लांब, तितके आतले पटल ताणलेले. नंबर उणे पाच-सहाच्या पलीकडे गेला की पुढे आयुष्यात दृष्टिपटल सुटणे, काचबिंदू, दृष्टिपटलाच्या मध्यभागाची झीज, यांचा धोका वाढतो. आईबाप दोघांनाही चष्मा असेल तर मुलांना लागण्याची शक्यताही जास्त. म्हणून लेकीच्या त्या प्रश्नावर आम्हाला "छे ग, काहीतरीच!" असे म्हणवले नाही.

आता हे लेन्स आहेत तरी काय, ते बघू. या प्रकाराला ऑर्थोकेराटॉलॉजी म्हणतात; दवाखान्यात सगळे सोयीसाठी ऑर्थो-के म्हणतात. कल्पना नवी नाही. १९६० च्या दशकात शिकागोच्या जॉर्ज जेसन यांनी कडक लेन्स मुद्दाम सपाट बसवून नंबर उतरवण्याचे प्रयोग केले होते. पण तेव्हाच्या प्लास्टिकमधून प्राणवायू जात नसे, त्यामुळे ते घालून झोपण्याची सोय नव्हती. पुढे प्राणवायू आरपार जाऊ देणारे कडक प्लास्टिक आले, डोळ्याच्या पृष्ठभागाचा नकाशा काढणारी यंत्रे आली, आणि जून २००२ मध्ये इथल्या एफडीएने पॅरागॉन सीआरटी नावाच्या लेन्सना रात्री घालून झोपायला परवानगी दिली. ती उणे सहापर्यंतच्या नंबरासाठी आहे, आणि परवानगीतले शब्द आहेत नंबर "तात्पुरता" कमी करण्याचे. हा "तात्पुरता" शब्द लक्षात ठेवा.

हे होते कसे? डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा म्हणजे पारपटल, ज्याला आपण कॉर्निया म्हणतो. त्याची जाडी मध्यभागी साधारण अर्धा मिलिमीटर. त्यातला सर्वांत वरचा पेशींचा थर त्याच्या दहाव्या भागाइतका, म्हणजे केसापेक्षाही पातळ. रात्रभर लेन्स बसली की तिच्याखालच्या अश्रूंच्या दाबाने हा वरचा थर मध्यभागी किंचित पातळ होतो आणि कडेच्या बाजूला जाड होतो. आमच्या स्वयंपाकघरात याचे भाषांतर असे झाले : पोळी मध्ये लाटली की पीठ कडेला सरकते, तसे. आणि मैद्याची पोळी जशी लाटणे उचलले की परत आक्रसते, तसेच पारपटलही लेन्स काढल्यावर हळूहळू मूळ आकाराला येते. म्हणून दररोज रात्री लाटावे लागते. पहिल्याच रात्रीनंतर फरक जाणवतो, पूर्ण परिणाम यायला एक-दोन आठवडे लागतात. सोडून दिले तर काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, नंबर पुन्हा हजर. तेव्हा "चष्मा गेला" हे खरे नाही. चष्मा रात्रपाळीला गेला, एवढेच.

नुसती चष्म्यापासून सुटका एवढाच मुद्दा असता, तर आम्ही दोन दिवसांत विषय मिटवला असता. आम्हाला अडकवले ते दुसऱ्या गोष्टीने. हे लेन्स वापरणाऱ्या मुलांच्या डोळ्यांची लांबी कमी वेगाने वाढते, असे दिसून आले आहे. हाँगकाँगमध्ये सहा ते दहा वर्षांच्या मुलांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करून दोन वर्षे अभ्यास झाला. तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. साधा चष्मा लावणाऱ्या मुलांचे डोळे दोन वर्षांत सरासरी ०.६३ मिलिमीटर वाढले, रात्रीचे लेन्स लावणाऱ्यांचे ०.३६ मिलिमीटर. म्हणजे वाढ ४३ टक्क्यांनी कमी. मिलिमीटरचा अंश तो काय, असे वाटेल. पण डोळ्याची एक मिलिमीटर लांबी म्हणजे चष्म्याचे अडीच-तीन नंबर. कारण काय असावे, तर बहुतेक संशोधकांचे मत असे, की लेन्समुळे दृष्टिपटलाच्या कडेला पडणारी प्रतिमा बदलते आणि डोळ्याला "आणखी लांब हो" हा निरोप कमी मिळतो. अमेरिकन नेत्रतज्ज्ञांच्या अकादमीने २०१९ मध्ये असे अनेक अभ्यास एकत्र तपासले. वाढ मंदावते हे मान्य केले, लहान वयात सुरू केले तर फायदा अधिक असू शकतो असेही म्हटले. पण त्याच दमात जंतुसंसर्गाची चिंता व्यक्त केली आणि मध्येच थांबवले तर डोळा पुन्हा भराभर वाढू शकतो, याचीही आठवण दिली.

आता नाण्याची दुसरी बाजू. पारपटलात रक्तवाहिन्या नसतात. त्याला प्राणवायू मिळतो तो थेट हवेतून. डोळे मिटले की हा पुरवठा एकतृतीयांशाच्या आसपास येतो, आणि त्यावर आणखी लेन्स. त्यात वरचा थर पातळ झालेला. एखादा जंतू लेन्सबरोबर आत गेला, तर त्याला रात्रभर उबदार, बंद खोली मिळते. शतकाच्या सुरुवातीला चीन, तैवान अशा ठिकाणांहून मुलांच्या डोळ्यांतल्या गंभीर जखमांच्या बातम्या आल्या. पहिल्या पन्नास रुग्णांचा आढावा २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत बहुतेक नऊ ते पंधरा वयाची मुले होती. दोन शत्रू वारंवार दिसले. एक स्यूडोमोनास नावाचा जीवाणू, दुसरा अकांथअमीबा. हा अमीबा नळाच्या पाण्यात असू शकतो. पिताना तो आपल्याला काही करत नाही, पण लेन्सखाली अडकला तर पारपटल पोखरतो, आणि त्याचे उपचार महिनोन् महिने चालतात.

हे प्रमाण किती? अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या पाहणीचा आकडा २०१३ मध्ये आला : दहा हजार मुलांनी एकेक वर्ष हे लेन्स वापरले, तर सुमारे चौदा जणांना पारपटलाचा जंतुसंसर्ग. त्या पाहणीत प्रत्यक्षात असे दोनच रुग्ण होते, दोन्ही मुले, आणि दोघांचीही नजर शाबूत राहिली. रुग्ण इतके थोडे असल्यामुळे आकडा पुढेमागे होऊ शकतो. आमच्या टेबलावर या चौदावरून बरेच भांडण झाले. एकाचे म्हणणे, "दहा हजारांत चौदा म्हणजे काहीच नाही." दुसऱ्याचे म्हणणे, "पण ती पाच-सात वर्षे वापरणार. आणि चौदांतली एक आपली असली तर?" त्या रात्री चहा गार झाला.

मग दवाखाने पाहिले. पहिल्या ठिकाणी दहा मिनिटांत डोळे बघून "आजच सही केलीत तर सवलत" असे सांगितले. डोळा म्हणजे काय दिवाळीची साडी आहे? संसर्गाचे विचारले तर "आमच्याकडे कधीच नाही" असे उत्तर मिळाले. नमस्कार करून बाहेर पडलो. दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरीण बाई वेगळ्या निघाल्या. त्यांनी पारपटलाचा नकाशा काढला, डोळ्याची लांबी मोजली, अश्रू पुरेसे आहेत का ते पाहिले, परागकणांची ॲलर्जी आहे का विचारले. ज्यांचे डोळे कोरडे असतात, ज्यांना सारखी ॲलर्जी किंवा पापण्यांना सूज असते, किंवा ज्यांचे पारपटल शंकूसारखे होत चालले असते, अशांना हे लेन्स देत नाहीत. आमच्या लेकीला यातले काही नव्हते. "डोळा योग्य आहे," बाई म्हणाल्या, "आता घर योग्य आहे का ते तुम्ही ठरवा." आणि एक कागद हातात देऊन घरी पाठवले.

मंडळी, आमच्या मते साऱ्या विषयाचे सार त्या एका वाक्यात आहे. या लेन्सचा फायदा आणि धोका, दोन्ही दवाखान्यात ठरत नाहीत. ते आपल्या न्हाणीघरातल्या बेसिनपाशी ठरतात, रोज रात्री साडेआठ वाजता आणि रोज सकाळी पावणेसात वाजता.

त्या कागदावर काय होते? रात्री : साबणाने हात धुणे, आणि ते ज्या टॉवेलचे धागे सुटत नाहीत अशाने किंवा कागदाने पूर्ण कोरडे करणे. बेसिनचे भोक बंद करणे. उजवी लेन्स उजव्या डोळ्यात, डावी डाव्यात, एकेका लेन्सच्या वाटीत सांगितलेले थेंब भरून. सकाळी : आधी थेंब टाकून लेन्स डोळ्यावर हलते आहे का ते बघणे, मगच काढणे, कारण रात्रभरात ती चिकटून बसते आणि ओढली तर ओरखडा पडतो. काढल्यावर द्रावणाने चोळून धुणे, निर्जंतुक सलाइनने खळबळणे, डबीत ताजे द्रावण ओतणे. कालच्यात आजचे मिसळायचे नाही. रिकामी डबी उपडी करून वाळवणे आणि दर काही आठवड्यांनी नवी घेणे. आणि सगळ्यात वर, लाल शाईने : लेन्सला किंवा डबीला नळाचे पाणी कधीही, कशासाठीही लावायचे नाही.

हे वाचून आम्हाला एक युक्ती सुचली. लेन्स घेण्याआधी महिनाभर नाटकाची रंगीत तालीम करायची. मंडळाच्या नाटकाला दोन महिने तालमी करतो, तर डोळ्यांसाठी एक महिना नको? एक रिकामी डबी, सलाइनची बाटली, आणि फ्रिजवर तीस चौकोनांचा तक्ता. लेकीने रोज रात्री आणि सकाळी सगळे तसेच्या तसे करायचे, फक्त डोळ्यात काही घालायचे नाही. आमच्यापैकी एकाने शेजारी उभे राहायचे. सगळे नीट झाले तरच चौकोनात बरोबरची खूण.

महिन्याच्या शेवटी तीसपैकी बावीस चौकोनांत खूण होती. उरलेल्या आठांचा हिशोब असा : दोन रात्री आपल्याच मंडळातल्या जेवणांहून साडेबाराला परतलो आणि पोर गाडीतच झोपलेली. एक रात्र मैत्रिणीकडे मुक्कामाला. एक रात्र ताप. एका सकाळी शाळेची बस चुकत होती. एक दिवस सलाइन संपले आणि आणायचे राहिले. आणि दोन रात्री आम्ही दोघेही क्रिकेटच्या सामन्यासमोर बसलो होतो. "जा, तू कर, आम्ही आलोच" असे म्हणालो आणि गेलोच नाही. तिने प्रामाणिकपणे फुली मारली, आणि तक्त्याखाली पेन्सिलीने लिहिले, "मी रेडी होते. तुम्ही नव्हता."

आम्ही दोघे त्या तक्त्यापुढे बराच वेळ उभे होतो. लेक तयार होती. घर तयार नव्हते.

या आठ चौकोनांचे खरे मोल समजून घ्या. लेन्स नुसती घातली नाही, तर दुसऱ्या दिवशी धूसर दिसेल, जुना चष्मा लावावा लागेल, नुकसान एवढेच. पण साडेबारा वाजता अर्धवट झोपेत, घाईघाईत, हात न धुता घातली किंवा "एकदा नळाखाली धरली तर काय होते" असे म्हटले, तर ते दहा हजारांतले चौदा तिथून येतात.

पण मंडळी, "मग नकोच" म्हणून मोकळे होणेही बरोबर नाही. थांबण्याचीही किंमत असते. नऊ-दहा वर्षांच्या वयात डोळा भराभर वाढत असतो, आणि वाढलेली लांबी कुठल्याही उपायाने परत आखूड होत नाही. मोठेपणी लेझरने नंबर घालवता येतो, पण ते अठरा वर्षांच्या आत करत नाहीत, आणि त्याने पारपटल बदलते. आतले ताणलेले पटल ताणलेलेच राहते. तेव्हा नुसते वाट बघणे आम्हाला मान्य नव्हते. आम्ही पुन्हा त्या बाईंकडे गेलो, तक्ता दाखवला. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पहिल्यांदाच कोणी खरा तक्ता आणला."

त्यांनी दुसरे मार्ग सांगितले. दिवसा घालून संध्याकाळी फेकून द्यायच्या मऊ लेन्स आहेत. त्यांतल्या मायसाइट नावाच्या लेन्सना एफडीएने नोव्हेंबर २०१९ मध्ये आठ ते बारा वयात सुरू करण्यासाठी परवानगी दिली, ती नंबर वाढण्याचा वेग कमी करण्यासाठीच. त्यांत डबी नाही, द्रावण नाही, रात्र नाही. मात्र त्या घालून पोहायचे नाही. दुसरे, काचेवर बारीक बारीक भिंगांची नक्षी असलेला खास चष्मा. स्टेलेस्ट नावाच्या अशा काचांना इथे सप्टेंबर २०२५ मध्ये सहा ते बारा वयाच्या मुलांसाठी मंजुरी मिळाली. चष्म्याने डोळ्यात संसर्ग होत नाही, हा त्याचा साधा मोठेपणा. तिसरे, अट्रोपिनचे अगदी सौम्य थेंब; त्यांचे निकाल ठिकाणाप्रमाणे वेगळे आले आहेत. हाँगकाँगमध्ये ०.०५ टक्क्याच्या थेंबांनी चांगला उपयोग झाला, तर अमेरिकेत २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ०.०१ टक्क्याच्या थेंबांनी काही फरक पडला नाही.

आणि चौथा मार्ग फुकटचा आहे : मुलांना उजेडात बाहेर काढा. इथे सांगलीच्या आजींची आठवण येते. नातीचा नंबर वाढल्याचे कळताच त्यांनी फोनवर फर्मान काढले होते, "पोरीला गाजर द्या, त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुवा, आणि सकाळी हिरवळीवर अनवाणी चालवा." गाजराने नंबर उतरत नाही. त्रिफळ्याचे पाणी लेन्स वापरणाऱ्या डोळ्याच्या जवळपासही नको. पण हिरवळीच्या बाबतीत आजी निम्म्या बरोबर निघाल्या! अनवाणी पायांचे काही नाही, पण बाहेरच्या उजेडाचे आहे. चीनमधल्या ग्वांगजौ शहरात बारा शाळांत पहिलीच्या मुलांवर प्रयोग झाला. निम्म्या शाळांत रोज चाळीस मिनिटे जास्त बाहेर काढले. तीन वर्षांनी त्या शाळांतल्या ३०.४ टक्के मुलांना लांबचे न दिसण्याचा दोष जडला, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तैवानमध्ये तर २०१० पासून शाळांतून मुलांना रोज १२० मिनिटे बाहेर ठेवण्याची मोहीम आहे. याचा उपयोग मुख्यतः चष्मा लागायच्या आधी होतो. म्हणजे ज्यांच्या घरी धाकटी भावंडे आहेत, त्यांनी विशेष लक्षात घ्यावे. इथल्या हिवाळ्यात पाच वाजता अंधार पडतो हे खरे. पण शनिवार-रविवार दुपारी आपण मुलांना एका क्लासमधून दुसऱ्या क्लासमध्ये पोचवत असतो, हेही तितकेच खरे.

आम्ही काय ठरवले? यंदा खास काचांचा चष्मा, पोहण्यासाठी नंबरचा गॉगल (हा मिळतो आणि फारसा महागही नसतो, हे आम्हाला दोन वर्षे कोणी सांगितले नव्हते!), आणि दर सहा महिन्यांनी डोळ्याची लांबी मोजणे. फ्रिजवरचा तक्ता चालूच आहे. वाढ थांबली नाही, आणि तक्त्यातल्या फुल्या थांबल्या, तर पुढच्या वर्षी रात्रीच्या लेन्सचा विचार पुन्हा. तो निर्णय आता लेकीपेक्षा आमच्या हातात जास्त आहे, हे दोघांनाही कळले आहे.

पण आपल्याच मंडळातल्या एका घरात मुलगा चार वर्षे हे लेन्स वापरतो आहे आणि उत्तम चालले आहे. त्याच्या आईने सांगितलेले गुपित असे : "आमच्याकडे साडेआठ म्हणजे साडेआठ. पाहुणे असोत, गणपतीची आरती असो." त्या घरासाठी त्यांचा निर्णय बरोबर, आमच्या घरासाठी आमचा.

ज्यांचा विचार चालू आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात काही गोष्टी. हे कापून फ्रिजवर लावले तरी चालेल.

डॉक्टरांना विचारा : डोळ्याची लांबी मोजणार का? हे फार महत्त्वाचे. कारण दिवसा नंबर दिसेनासा झाला की आतून डोळा वाढतो आहे की नाही, हे नुसत्या अक्षरांच्या तक्त्यावरून कळत नाही. पहिल्या रात्रीनंतर, आठवड्याने, महिन्याने तपासणी त्याच पैशांत आहे का? लेन्स फुटली किंवा हरवली तर? रात्री अकराला डोळा लाल झाला तर फोन कोण उचलणार?

खर्च : पहिल्या वर्षी साधारण एक ते तीन हजार डॉलर, गाव आणि डॉक्टर यांप्रमाणे कमीजास्त, पुढे नव्या लेन्स आणि द्रावणांचा खर्च दरवर्षी. विमा बहुधा हात वर करतो. नोकरीत वैद्यकीय खर्चासाठी करमुक्त पैसे बाजूला ठेवण्याची सोय असेल, तर ते वापरता येतात का ते विचारून घ्या.

भारतात जाताना : द्रावण आणि सलाइन पुरेसे न्या, किंवा लेन्स घरीच ठेवून चष्मा न्या. विमानात, रेल्वेत, लग्नघरात लेन्स घालण्याचा हट्ट नको. मात्र लेन्स बंद केल्यावर नंबर काही दिवस रोज बदलत राहतो, म्हणून जुना कमी नंबरचा आणि पूर्ण नंबरचा, असे दोन्ही चष्मे जवळ असू द्या.

आणि सर्वांत महत्त्वाचे : डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना, पू आला किंवा धूसर दिसू लागले, तर लेन्स काढा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लेन्स आणि डबी बरोबर न्या, त्यातून जंतू ओळखायला मदत होते. सकाळपर्यंत बघू, असे म्हणू नका. आणि आपल्या सगळ्यांच्या कपाटात गावाहून आणलेली थेंबांची एखादी बाटली असते, "मागच्या वेळी दोन दिवसांत बरे वाटले होते" म्हणून जपून ठेवलेली. तिला हात लावू नका. तिच्यात स्टेरॉइड असेल तर लाली जाते आणि आत जंतू माजतो.

आपल्या आया म्हणायच्या, मुलांना डोळ्यांत तेल घालून वाढवावे लागते. तेव्हा ते जपण्याबद्दल होते. लेन्स घाला किंवा घालू नका, ते तेल मात्र आपल्याच डोळ्यांत घालायचे आहे.

तुमच्या घरी कोणी हे लेन्स वापरत असेल, तर चांगला-वाईट दोन्ही अनुभव लिहून पाठवा. नाव न देता छापू. आणि हे पान झेरॉक्समध्ये फिकट आले असेल, तर लगेच नंबर वाढला असे समजू नका. आधी शेजाऱ्यांचा अंक मागून बघा!